चार-शून्यने शिकलो

नव्या संचालकाने आल्या आल्या फुटबॉल क्लबमधून निम्मे खेळाडू काढले आणि एक शब्दही काढून टाकला. शब्द होता 'हरलो'.

"इथून पुढे आपण हरणार नाही," तो पहिल्याच बैठकीत म्हणाला. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, चांगला स्ट्रायकर येतोय. "आपण शिकणार," संचालकाने वाक्य पुरं केलं, तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

तेव्हापासून संघ दर शनिवारी शिकत होता. कधी दोन-शून्यने शिकला, कधी पाच-एकने. शिकून शिकून गुणतक्त्याच्या तळाशी आला, तेव्हा संचालकाने सगळ्यांना केक खाऊ घातला.

जुन्या-जाणत्यांपैकी एकटा गोलकीपर उरला होता. केसांत पांढरं, गुडघ्यात वंगण संपलेलं. एकेकाळी प्रेक्षक त्याला 'भिंत' म्हणत. या हंगामात कुणीतरी 'खिडकी' म्हणालं आणि तेच चिकटलं. तरी मैदानावरचं त्याला सोसत होतं. खरी परीक्षा घरी असायची, कारण घरी सासूबाई होत्या.

सासूबाई लग्नाआधीपासून या क्लबच्या. जावई पसंत केला तोही लेकीसाठी की क्लबसाठी, हे घरात अजून नक्की ठरलेलं नव्हतं. गोलच्या मागच्या रांगेत त्यांची ठरलेली खुर्ची होती. सामना संपला की त्या बसने त्याच्याआधी घरी पोचत आणि दार उघडायला स्वतः येत.

"या जावईबापू. आज किती शिकलात?"

"चार-शून्यने."

"अरे वा! असंच चालू द्या, प्राध्यापक व्हाल."

"आई, त्यांना बूट तरी काढू दे," बायको आतून म्हणायची.

"काढू दे की. घालून तरी काय उपयोग झाला?"

जेवताना गोलकीपर संचालकाची बाजू मांडून बघायचा. याला पुनर्बांधणी म्हणतात. आधी आपण वर्षानुवर्षं मधल्या क्रमांकावर लोळत होतो, ना धड वर ना धड खाली. जो संघ शेवटचा येतो, त्याला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. यंदा तर तो पोरगा आहे, डाव्या पायाचा, सगळे ज्याच्यावर डोळा ठेवून आहेत. शेजारच्या शहरातला क्लब असाच दोन वर्षं मातीत लोळला आणि तिसऱ्या वर्षी कप घेऊन गेला. यातलं बरंचसं त्याला पटलेलंही होतं.

"पटतं हो मलाही," सासूबाई म्हणाल्या. "पण मी तिकीट काढते ते या शनिवारचं. तीन वर्षांनंतरच्या शनिवारी मी कुठल्या खुर्चीत असेन, ते तुमच्या संचालकाला विचारून सांगा."

यावर तो भात कालवत राहिला.

हंगामाचा शेवटचा सामना तळाच्या दुसऱ्या संघाशी होता. दोघांचे गुण सारखे. जो हरेल त्याला तो पोरगा मिळणार. सामन्याआधी संचालकाने गोलकीपरला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा हा शेवटचा हंगाम. पुढे तुम्हाला गोलकीपरांचा प्रशिक्षक करायचा विचार आहे."

"आभारी आहे, सर."

"मी कुणालाही हरायला सांगत नाही हं."

"नाही सर."

"फक्त आज मन लावून शिका."

गोलकीपरला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. त्याने मान हलवली.

मैदानात उतरल्यावर कळलं की समोरचा संघही विद्यार्थीच आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांना वाट करून देत होते. चेंडू मधल्या वर्तुळात बेवारस पोरासारखा हिंडत होता. शेवटी शेवटी तर गोलकीपरच्या बचावपटूने शिकण्याच्या भरात समोरच्या स्ट्रायकरला चक्क कवेत घेऊन खाली पाडलं. पंचाने पेनल्टी दिली आणि ती मिळाली म्हणून स्ट्रायकरचा चेहरा उतरला.

त्याने इकडे तिकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि चेंडू अलगद, अगदी सरळ गोलकीपरच्या दिशेने ढकलला. चेंडू घरंगळत निघाला. काम सोपं होतं, पाय जरा फाकवून उभं राहायचं. त्याने पाय फाकवलेही.

"जावईबापू!" मागून आवाज आला. "निदान बघा तरी त्याच्याकडे!"

त्याने बघितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. बघितल्यावर हात आपोआप खाली गेले, चेंडू छातीशी आला. आता या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. रागाच्या भरात, म्हणजे नेमक्या कुणावरच्या ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्याने चेंडू असा लाथाडला की तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला, उसळला आणि गोलकडे निघाला. समोरचा गोलकीपर, बिचारा, पाहुण्याला वाट द्यावी तसा अदबीने बाजूला झाला.

एक-शून्य.

जाहीर मुलाखतीत संचालकाची पंचाईत झाली. जिंकण्यासाठी क्लबने शब्दच ठेवला नव्हता. "आज आमचं..." तो घाम पुसत म्हणाला, "आज आमचं शिकायचं राहून गेलं." मग आत येऊन त्याने प्रशिक्षकाच्या जागेबद्दल गोलकीपरशी थोडक्यात बोलून घेतलं. फारच थोडक्यात.

घरी दार उघडायला सासूबाईच आल्या. डोळे सुजलेले, घसा बसलेला.

"जिंकलो," तो म्हणाला. "आणि नोकरी गेली."

"गेली काय म्हणता?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पुनर्बांधणी चालू आहे म्हणा."

तो उंबऱ्यावरच हसायला लागला, आणि मग ते हसणं त्याला आवरेना. सासूबाईंनी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली. आजवर त्यांनी ती कधी घेतली नव्हती.

"बूट काढा," त्या म्हणाल्या. "आणि आत येऊन टीव्ही लावा. तो गोल मला नीट दिसला नाही. अगदी वेळेवर मेलं डोळ्यांत पाणी आलं."