जखाईच्या भिंतीवरचा पंजा

चैत्री पौर्णिमेला करंजघोळच्या जखाईच्या देवळात मुंगी शिरायला जागा उरत नाही. एरवी हे राधानगरीच्या वाटेवरचं झाडीत लपलेलं गाव. एसटी आली तर आली. पण जत्रेला पार जयसिंगपूरपासून माणसं येतात. नदीत बुचकळी मारायची, अंग न पुसता ओलेत्यानं देवळात शिरायचं आणि मंडप गच्च भरला की गुरवानं दार लावून घ्यायचं, ही इथली रीत. आरती संपेपर्यंत दार उघडत नाहीत. आत समया, कापूर, धूप आणि ओल्या कपड्यांची वाफ. एखादी म्हातारी गुदमरून भोवळ येऊन पडते, तर तिच्या अंगात आलं म्हणून तिलाच हळदकुंकू लावतात. आणि मग आरती टिपेला पोचली की देवीच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर हळूहळू पाच बोटांचा ओला पंजा उमटतो.

पाणी कुणी शिंपडलेलं नसतं. भिंतीजवळ कुणी गेलेलंही नसतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोरडा दगड ओलसर होतो, चकाकायला लागतो, आणि देवीच्या भगताची, सयाजीबुवाची, वाणी सुरू होते.

"ओम् फट्, पाताळ खट्! आलीया, माउली आलीया! पंजा कुणावर उगारलाय, सांगू? सांगू का?"

"सांगा बुवा, सांगा!"

बुवा ज्याचं नाव घेईल त्याचं घर बसतं. देवीचा कोप होतो म्हणतात. खरं तर कोप गावच करतं; देवीला त्यात हातही हलवावा लागत नाही.

सोळा वर्षांपूर्वी बुवानं मीनाबाईचं नाव घेतलं होतं. मीनाबाई बौद्धवाड्यातली. तिचा गुन्हा एवढाच, की अंबूबाईचा नातू तापानं फणफणला तेव्हा पाण्याच्या नळावर ती चारचौघींत म्हणाली होती, "अंगारा चाटवून ताप उतरतो व्हय? दवाखान्यात न्या की त्या पोराला." अंबूबाईनं ऐकलं आणि पोर वाचलं. बुवाच्या अंगाऱ्याची मात्र गावभर शोभा झाली. त्यानं तो राग जत्रेपर्यंत पोटात ठेवला आणि मग पंजा उमटवला. त्यानंतर दुकानदार मीनाबाईला साखर देईना, नळावर तिची घागर कुणी लागू देईना, रात्री कौलांवर दगड पडायला लागले. ज्या अंबूबाईचं पोर वाचलं होतं ती घरात दार लावून बसली. मीनाबाईचा नवरा भाऊसो एक दिवस म्हणाला, "चल." दोघं पोरीला घेऊन कोल्हापुरात आली आणि शिवाजी पेठेत एका खोलीत त्यांनी संसार मांडला.

ती पोरगी म्हणजे रूपाली. कौलांवर पडणाऱ्या दगडांचा आवाज तिच्या कानांतून कधी गेला नाही. ती रसायनशास्त्र शिकली, पुढं जुन्या दगडी कामाची निगा राखायचं शिक्षण घेतलं आणि सरकारच्या पुरातत्त्व खात्यात लागली. काम ऐकायला साधं. ठरलेल्या देवळांना दर सहा महिन्यांनी जायचं आणि तोच दगड त्याच जागी उभं राहून, त्याच पद्धतीनं तपासायचा. बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरायची, म्हणजे समोरून न दिसणारे खड्डे-पोपडे सावलीत उठून दिसतात. मऊ कुंचला फिरवायचा आणि काय गळतं ते बघायचं. मागच्या खेपेपेक्षा काय बदललं, एवढं एकच शोधायचं. दगड पडल्यावर रडण्यापेक्षा पडायच्या आधी त्याची नाडी बघितलेली बरी.

भाऊसो वारला तशी मीनाबाईनं गावाकडं जायचा ध्यास घेतला. "माझी जागा हाय ती. मरायला तरी माझ्या घरात जाईन की." तिनं पडक्या भिंती उभ्या करायला घेतल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात बुवानं चावडीवर जाहीर केलं, "औंदा माउली परत बोलणार! जिला एकदा हाकलली ती उंबऱ्यात आलीया!" गवंडी काम टाकून पळाला.

योगायोग असा, की त्याच वर्षी जखाईचं देऊळ रूपालीच्या वाट्याला आलं. तिला न्याय वगैरे काही नको होतं. सूड हवा होता, तोही भर जत्रेत, त्याच भिंतीसमोर.

जत्रेच्या चार दिवस आधी ती देवळात आली. बुवा वर्गणीसाठी गावोगाव फिरत होता. ज्ञानू गुरवानं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि दार उघडून दिलं. देवीच्या डाव्या भिंतीवर हंसांची सुरेख रांग कोरलेली होती. रूपालीनं बॅटरी तिरपी धरली. रांगेच्या मधोमध तीन हंसांना डोकी नव्हती. दगडाचे पापुद्रे सुटले होते, आणि ते मोडल्यासारखे वेडेवाकडे नव्हते. पाच बोटं, तळवा, मनगट, सगळं स्पष्ट दिसत होतं. बाकीची भिंत धडधाकट आणि एवढाच पंजा कुजलेला. कुंचला फिरवला तशी पांढुरकी भुकटी तिच्या तळहातावर पडली. तिनं ती जिभेच्या टोकाला लावली.

खारट!

"ज्ञानूमामा, या भिंतीला कुणी हात लावतं का?"

"न्हाय बा. बुवा तेवढं अमावास्येला येत्यात. तांब्यातलं पाणी घिऊन, बोटानं कायतरी मंतर काढत्यात. मागनं अंगारा फासत्यात."

"वर्षभर पंजा का दिसत नाही मग?"

"पावसाळ्यात आख्खी भितच वली असत्या, त्यात काय दिसणार? आन् एरवी सुकी. जत्रंलाच दिसतो, तीच तर माउलीची करणी!"

रूपाली मनात हसली. भिंतीवर पंजा असतो बाराही महिने, फक्त मिठाचा. कोरड्या हवेत तो मुका राहतो. गाव स्वतः ओल्या अंगानं आत येतं, स्वतःच दार लावून घेतं आणि स्वतःच्याच वाफेनं त्याला बोलतं करतं. चमत्काराची सगळी मेहनत गावाची, दक्षिणा तेवढी बुवाची.

दोन दिवस बसून तिनं भिंतीला ओल्या कागदाचा लगदा थापला. तो वाळताना दगडातलं मीठ ओढून घेतो. वाळला की काढायचा आणि नवा थापायचा. "सरकारी औषध," असं तिनं ज्ञानूला सांगितलं. मग तिची नजर बुवाच्या आसनाकडं गेली. भक्तांनी गेल्याच साली ते करून दिलं होतं. खरबरीत काळ्या फत्तराची बैठक आणि पाठीला उभी फरशी. त्यात जुनं काही नव्हतं, जपण्यासारखंही काही नव्हतं. हंसांच्या भिंतीवर तिनं मिठाचा कणही लावला नसता, पण या फरशीबद्दल तिला काडीची दयामाया नव्हती. बादलीत मूठभर जाडं मीठ विरघळवून तिनं त्यात उजवा हात बुडवला आणि फरशीवर, बरोबर बुवाच्या डोक्याच्या वर येईल असा, दाबला. पुन्हा बुडवला, पुन्हा दाबला. सकाळपर्यंत सगळं सुकून गेलं; वर आलेली पांढुरकी भुकटी तिनं कुंचल्यानं झाडली, तशी खरबरीत दगडात काही दिसेना.

जत्रेच्या दिवशी मीनाबाई यायला तयार नव्हती. "मी त्या देवळाची पायरी कशाला चढू? मला काय करायची देवी?" रूपालीनं तिचा हात धरला. "देवीसाठी नको. तो बुवा कसा तोंडावर पडतो ते बघायला चल." मीनाबाई दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिली. लोकांनी तिला बघितलं आणि तिच्याभोवती आपसूक जागा रिकामी झाली. दार लागलं. आरती सुरू झाली.

"आलीया! माउली आलीया!" बुवा आसनावर घुमत होता. "भितीकडं बघा! पंजा उमटतोय बघा!"

सगळ्यांनी बघितलं. भिंत कोरडी ठणठणीत होती.

आरती परत सुरू झाली, तरी भिंत कोरडीच. बुवाच्या कपाळावर मात्र घाम डवरला. "भक्ती कमी पडत्या! अजून माणसं घ्या आत! वल्या अंगाची घ्या!" ज्ञानूनं दार किलकिलं करून आणखी पंचवीस-तीस निथळती माणसं आत कोंबली. बुवा ओरडला, "फट्! खट्! बोल माउली, पापी कोण हाय ते दाव!"

तेवढ्यात पुढं बसलेली अंबूबाई किंचाळली, "अगं बया! बुवा, तुमच्याच डोक्यावर पंजा!"

बुवा वळला. काळ्या फरशीवर पाच ओली बोटं चकाकत होती.

मग कुणीतरी ओरडलं, "पापी ह्योच हाय! माउलीनं चोर दावला!" आणि माणसं पुढं घुसली. एकानं बुवाची गळपट्टी धरली, दुसऱ्यानं चप्पल काढली. ज्यांच्या जिवावर त्यानं सोळा वर्षं लोकांची घरं उद्ध्वस्त केली, तेच हात आता त्याच्या मानेवर होते. रूपालीनं इथंच पुढं होऊन बोलायचं ठरवलं होतं. पण जीभ उचलेना. बसू देत दोन-चार फटके, तिला वाटलं. पळू दे त्याला गाव सोडून, आम्ही पळालो तसं. त्याचे पांढरेफटक ओठ बघून तिला इतकं गार वाटलं, की ती तशीच बघत राहिली.

मीनाबाईनं तिच्या दंडाला हात लावला. "रूपे, ही माणसं तवा माझ्याकडं अशीच बघत हुती."

रूपालीला चटका बसला. आज गप्प राहिलं तर बुवा जाईल, पण पंजा खरा ठरेल. आणि आजचा पंजा खरा, तर सोळा वर्षांपूर्वीचाही खराच की!

"थांबा!" ती गर्दीत घुसली, आसनावर चढली आणि आपला उजवा हात त्या ओल्या पंजावर टेकवला. बोटाला बोट तंतोतंत बसलं. "हा पंजा देवीचा नाही. माझा आहे. परवा मी उमटवलाय, मिठाच्या पाण्यानं!"

कुणाला काही कळेना. तिनं पिशवीतून वाळलेल्या लगद्याचा तुकडा काढून अंबूबाईच्या हातात दिला. "आजी, भिंतीतून हे निघालंय. चाखा."

अंबूबाईनं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ हाय की गं हे!"

"पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या बरणीत काय होतं?"

"पाणी सुटतंय."

"बरणीत देवी येते का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "तुम्ही निथळत येता, दार लावता, आत पावसाळा करता. भिंतीतल्या मिठाला पाणी सुटतं. उघडा दार! खिडक्याही उघडा, आणि स्वतःच बघा!"

दार उघडलं. चैत्राचा कोरडा वारा आत आला. माणसं खाली बसली आणि फरशीवर डोळे लावून राहिली. पहिल्यांदा बोटांची टोकं वाळली, मग तळवा. पंजा गेला. जयसिंगपूरचा एक पाहुणा उठून म्हणाला, "आता ध्यानात आलं! ह्यो गडी आमच्याकडं बर्फाच्या कारखान्यात हुता. मिठाच्या पाण्याच्या हौदाशेजारची भित कधी सुकत न्हवती. तितनंच शिकला बघा!"

"मीठबी माउलीनंच घडवलंय!" बुवा अजून हातपाय मारत होता. या वेळी कुणी जयजयकार केला नाही.

रूपाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या बाईकडं बघा. ओळखता? भिंतीवर पंजा कुणी काढला, ते तिला सांगा."

"मी..."

"मोठ्यानं."

"मीच काढला," बुवा म्हणाला.

"बाहेर पायऱ्यांवर पण लोक आहेत. त्यांना ऐकू गेलं नाही."

बुवानं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फाटला. रूपालीला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

संध्याकाळी ती पोलिसांत गेली. बाईला गावातून उठवलं, कौलांवर दगड टाकले, खोट्या देवाच्या नावानं आयुष्याची माती केली, हे सगळं हवालदारानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एवढ्या जुन्या गोष्टीला आता कुठलं कलम लावायचं, मॅडम?" मग रूपालीनं तीन हंसांबद्दल सांगितलं. संरक्षित देऊळ, कोरीव काम, मुद्दाम केलेली नासधूस. त्याला कलम होतं. त्याच रात्री बुवाला जीपमध्ये घातलं.

मीनाबाईनं ते ऐकलं. "दगडाला कायदा हाय," ती म्हणाली. "बरं हाय बाई दगडाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या अर्ध्या भिंतीपाशी विटा रचत असताना अंबूबाई आली. मागं पाच-सहा बाया होत्या. अंबूबाई पाया पडायला वाकली, तशी मीनाबाई मागं सरली.

"पाया नगं. माफीबी न्हाय देणार मी. तुझं पोर वाचलं आन् तू दार लावून बसलीस, ते मी कसं इसरू?"

"मग काय करू, मीना? तूच सांग."

"मी कशाला सांगू? बुवानं सांगितलं ते ऐकलंस, आता मी सांगते ते ऐकणार, उद्या तिसरा कुणी येईल त्याचं ऐकशील. इचारत जा की गं! असं कसं झालं, कुणी बघितलं, आपल्याला करून दाव, असं इचार. ही माझी पोरगी साहेब हाय, तरी तिचंबी नुसतं सांगितलं म्हणून मानू नका."

रूपाली आईला विटा देत होती. तिच्या मनातला विस्तव काही विझला नव्हता, आणि या बायांशी बोलायची तिला मुळीच इच्छा नव्हती. अंबूबाई विटांच्या ढिगावर बसली, पदर खोचला आणि तिच्याकडं वळली.

"मग मला सांग, पोरी. मिठाला काय तोंड न्हाय, हात न्हाय. हवेतलं पाणी त्ये वढून घेतं तरी कसं?"

रूपालीनं हातातली वीट खाली ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली.