गाळलेल्यांचं कॅलेंडर

"टिटवीचं काढ," दादा म्हणाले आणि कॅलेंडरच्या प्रूफात लाल पेनानं नऊ एप्रिलवर फुली मारली.

फुली मारताना त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. तेव्हा पोरांच्या वह्यांवर फुल्या मारायचे, आता घरच्यांवर मारायचे, एवढाच काय तो फरक.

खिळेकाका कटिंग मशीनला टेकून उभे होते. हातात शाईनं बरबटलेलं फडकं होतं आणि ते उगाचच बोटं पुसत होते. टिटवी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचाच नाही, म्हणून आजीनं हे नाव ठेवलं आणि ते तिला कायमचं चिकटलं.

"का?" खिळेकाकांनी विचारलं.

"का म्हणजे? रविवारी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्याही हातात कॅलेंडर द्यावं लागणार. त्यांच्या मुलावर, स्वतःच्या नवऱ्यावर, पोलिसांत तक्रार केली तिनं, आणि आपण तिचं नाव छापून त्यांच्या हातात द्यायचं?"

"तिचं मनगट मोडलं होतं, दादा. दोन ठिकाणी."

"संसारात थोडंफार व्हायचंच. मिटेल ते. मीच जमवलंय, मीच मिटवीन. तोवर नाव नको. आणि रविवारी तिनं येऊ नये, हे तूच सांग तिला. गोडीत सांग."

"बरं," खिळेकाका म्हणाले.

दादांनी पेनाला टोपण लावलं आणि ते निघून गेले. खिळेकाका तिथंच उभे राहिले, आणि आपल्या तोंडून आत्ता काय बाहेर पडलं ते त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

हे कॅलेंडर त्यांच्या घरचं होतं. दर डिसेंबरात, आईच्या वाढदिवसाच्या जवळच्या रविवारी, सगळा गोतावळा दादांच्या घरच्या वरच्या हॉलमध्ये जमायचा. चार पिढ्या, चाळीसएक डोकी आणि एक केक. जाताना प्रत्येक घराला एक कॅलेंडर मिळायचं. बारा पानं, आणि त्यांवर फक्त घरातल्यांचे वाढदिवस. नावंही घरात हाक मारतात तीच, हा आईचा दंडक. कागदावरची नावं सरकारला, भिंतीवर घरातली, असं ती म्हणायची. छपाई अर्थातच धाकट्याकडे. सतराव्या वर्षी तो एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला, शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावायला. तेव्हापासून आई त्याला खिळ्या म्हणायची आणि बाकीचे खिळेकाका. आता स्वतःचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि मागे राहायच्या दोन खोल्या.

सव्वीस वर्षं ते कॅलेंडर छापत होते, आणि सव्वीस वर्षं प्रूफ दादा तपासत होते.

खिळेकाकांनी खालचा कप्पा ओढला. जुनी प्रूफं त्यांनी कधी टाकली नव्हती. छापखान्यात वाढलेला माणूस कागद टाकत नाही. एकेक वर्ष काढून ते टेबलावर ठेवत गेले आणि लाल फुल्या बघत गेले.

पहिल्याच वर्षाची फुली होती बारा फेब्रुवारीवर. छकुली. दादांची पहिली मुलगी, अकरा महिन्यांची होऊन गेली. त्या वर्षी वहिनी गुपचूप छापखान्यात आल्या होत्या. "भाऊजी, तेवढं एक नाव घालाल का?" खिळेकाकांनी घातलं. दादांनी काढलं. 'गेलेल्यांचे वाढदिवस नसतात,' असं समासात लिहिलंही होतं, सुवाच्य अक्षरात.

मग तीस जानेवारी, भोपळ्या. हा मधला भाऊ. वाटणीच्या वेळी दादांच्या तोंडावर म्हणाला, तुम्ही खोटं बोलताय. आणि दादा खरोखरच खोटं बोलत होते, हे खिळेकाकांना माहीत होतं. तरी ते मूग गिळून बसले. मधला घर सोडून गेला तो गेलाच. एकोणीस वर्षं झाली. आईनं त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही आणि कोणी तिला का ते विचारलं नाही.

मग राणी, दादांच्या मुलाची पहिली बायको. घटस्फोट झाला, तिची मुलगी या घरात राहिली, नाव गेलं. मग आत्याचा पिंट्या, दारूच्या पायी. आणि आठ वर्षांपूर्वी सोळा सप्टेंबर. हसरी.

हसरी म्हणजे टिटवीची आई. ती जाऊन तीन महिने झाले होते, आणि दादांनी प्रूफावर फुली मारल्यावर खिळेकाकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःच्या बायकोचं नाव काढलं होतं. दादांना काय म्हणाले होते? बरं म्हणाले होते.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग दादांचा आलाच, पण त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला. फुली मारणं सोपं असतं. काढायचं काम दर वेळी यांनी केलं होतं, आणि इतकं चांगलं केलं होतं, की कॅलेंडर बघणाऱ्याला तिथं कधी कोणी होतं अशी शंकासुद्धा येऊ नये.

"माझं काढायला सांगितलं ना?"

टिटवी मागच्या दारात उभी होती. प्लास्टर निघून महिना झाला होता, तरी मनगट जरा तिरकंच बसलं होतं. कागदाचे गठ्ठे ती डाव्या हातानं उचलायला शिकली होती.

"तू ऐकलंस?"

"न ऐकून काय करू? दादाकाका अजून वर्गात असल्यासारखे बोलतात." ती टेबलापाशी आली आणि सप्टेंबरचं पान तिनं बोटानं सरळ केलं. "आईचं काढलंत तेव्हाही तुम्ही 'बरं'च म्हणाला होतात, बाबा. मी तेव्हा पण इथंच होते."

एवढंच बोलून ती आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. जी पोर लहानपणी गप्प बसत नव्हती, तिला आता दोन वाक्यं पुरत होती.

खिळेकाका कॉम्प्युटरसमोर बसले. नव्या वर्षाची फाइल उघडली. मग जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकेक करून सगळी नावं काढली. दादा काढले, वहिनी काढल्या, दादांची मुलं, नातवंडं, भाचे, सुना, कालपरवा जन्मलेलं पणतवंडसुद्धा. चाळीस जणांचं कुटुंब पंधरा मिनिटांत साफ झालं. मग त्यांनी प्रूफं समोर ओढली आणि टाइप करायला घेतलं.

रविवारी आईला खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणलं. पंच्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी, पण नजर शाबूत. वाचायला चष्मासुद्धा लागायचा नाही. तिच्या शेजारी दादा, दादांच्या शेजारी अध्यक्ष. केक कापला, टाळ्या झाल्या, चार पिढ्यांचा एकत्र फोटो झाला. टिटवी कुठाय, असं कोणीही विचारलं नाही. एकजात सगळ्यांना ती का नाही ते ठाऊक होतं, आणि सगळे केक खात होते.

खिळेकाकांनी खोकं उघडलं आणि रबर लावलेल्या गुंडाळ्या वाटल्या. आईला आणि अध्यक्षांना त्यांनी स्वतः नेऊन दिल्या.

कॅलेंडर हातात आलं की माणूस आधी स्वतःचाच महिना उघडतो. दर वर्षीचं होतं ते.

"काका, माझा नाही दिसत यात."

"माझाही नाही. बाबांचाही नाही."

"मशीननं घोटाळा केला वाटतं. काका, आता चष्मा बदला."

थोडं हसणं झालं. मग पानं उलटायचा आवाज वाढला आणि हसणं आपोआप कमी झालं.

"खिळेआजोबा," दादांची वीस वर्षांची नात म्हणाली. राणीची मुलगी. ती जुलैच्या पानावर बोट ठेवून होती. "हा माझ्या आईचा आहे. बावीस जुलै. आई आहे ही."

तिच्या सावत्र आईनं दुसरीकडे बघितलं. तिच्या बापानं कॅलेंडर गुंडाळायला घेतलं, पण गडबडीत त्याला रबर सापडेना.

पलीकडे कोणीतरी विचारलं, "छकुली कोण?" पन्नाशीच्या आतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. वहिनी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, फेब्रुवारीचं पान डोळ्यांजवळ नेलं आणि तिथंच भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या. नंतर बराच वेळ त्या उठल्या नाहीत आणि चहाही कोणाला मिळाला नाही.

अध्यक्षांच्या हातात एप्रिल होता. त्यांनी तो मिटला, खुर्चीवर ठेवला आणि ते दाराशी बूट शोधू लागले.

दादा उठले. आवाज त्यांनी शाळेत चढवायचे तसाच चढवला.

"हा काय तमाशा आहे?"

"कॅलेंडर आहे," खिळेकाका म्हणाले.

"भरल्या घरात, आईच्या वाढदिवसाला तुला हे सुचलं? जनाची नाही, मनाची तरी ठेवायची होतीस."

"तीच ठेवली, दादा. उशिरा ठेवली. तुम्ही फुल्या मारल्यात आणि मी बरं म्हणालो. सव्वीस वर्षं म्हणालो. माझी बायको गेल्यावर तिचं नाव मी काढलं, या हातांनी. त्या दिवशी मी तुमचं पेन मोडायला हवं होतं. टिटवीचं मनगट मोडलं ते मी दवाखान्यात बघितलंय. तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत."

"पुढच्या वर्षी तुझंही नाव नसेल," दादा म्हणाले. "लक्षात ठेव. या घरात तू कोणी नाहीस."

"ऑगस्ट उघडा."

"काय?"

"ऑगस्ट उघडा. दहा तारीख."

दादांनी उघडलं नाही, पण आजूबाजूच्या दहा-बारा जणांनी उघडलं. दहा तारखेच्या चौकटीत छापलं होतं: खिळ्या.

"तुमचा त्रास वाचवला," खिळेकाका म्हणाले.

रागानं दादांच्या तोंडाला फेस यायचाच काय तो बाकी होता. सगळी कॅलेंडरं परत द्या, असं त्यांनी फर्मावलं आणि खोकं पायानं पुढं ढकललं. काहींनी दिली. काहींनी दिल्यासारखं केलं. आपल्या नातीच्या हातून दादा ते ओढून घ्यायला गेले, तर तिनं ते पाठीमागे धरलं आणि त्यांच्याकडे अशी बघत राहिली, की त्यांचाच हात खाली आला.

मग ते आईकडे वळले. आई जानेवारीचं पान मांडीवर घेऊन बसली होती. बाकी अकरा महिने तिनं उघडले नव्हते.

"आई, ते दे इकडे. चुकीचं छापलंय."

आईनं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. तिनं खिळेकाकांना बोटानं जवळ बोलावलं.

"भोपळ्याला फोन लाव," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडी कोणी ऐकलं नव्हतं.

"आई, आज त्याचा वाढदिवस नाहीये," दादा म्हणाले.

"माझा आहे ना," आई म्हणाली.

नंबर खिळेकाकांकडे होता. फार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कागदवाल्यानं दिलेला. दर जानेवारीत ते तो छापखान्याच्या नव्या डायरीत उतरवायचे आणि लावायचे मात्र नाहीत. दादांना कळलं तर काय, म्हणून. आता तो त्यांना पाठच झाला होता. त्यांनी सगळ्यांसमोर तो दाबला.

बाईचा आवाज आला. खिळेकाकांनी मधल्याचं नाव सांगून विचारलं, आहेत का.

"आपण कोण?"

"मी त्यांचा धाकटा भाऊ."

"ते गेले," बाई म्हणाली. "मार्चमध्ये दोन वर्षं झाली. मी त्यांची बायको."

बायको होती, हेसुद्धा खिळेकाकांना माहीत नव्हतं. "कळवलं नाहीत," ते कसंबसं म्हणाले.

"कोणाला कळवायचं होतं?" तिनं विचारलं. ती चिडलेली नव्हती. तिला खरंच माहीत नसावं. "मागे कोणी नाही, असंच सांगायचे ते."

फोन बंद झाला. खिळेकाका आईपुढे गुडघ्यावर बसले. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. दादा मागे उभे होते. त्यांनाही ते ऐकू गेलं. त्यांचा हात सवयीनं वरच्या खिशाकडे गेला आणि पेनाला चाचपून तिथंच थांबला.

आई रडली नाही. तिनं तीस तारखेच्या चौकटीवरून अंगठा फिरवला, शाई ओली असल्यासारखा हलकेच. बऱ्याच वेळानं तिनं जानेवारी उलटला. फेब्रुवारी बघितला, वहिनींकडे बघितलं. मार्च कोराच होता. एप्रिलवर ती थांबली.

"आता टिटवीला लाव," ती म्हणाली. "ती आहे ना?"

"आहे," खिळेकाका म्हणाले.

पहिल्यांदा खिळेकाकांचा नंबर चुकला. त्यांनी तो खोडला आणि पुन्हा लावला. टिटवीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. खिळेकाकांनी तो आईच्या कानाला लावला आणि तसाच धरून बसून राहिले.