खांबाला रेटलेला हात

खडवलीच्या नदीकाठी वायुनाथ महाराजांच्या मांडवात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. सगळे लकव्याचे पेशंट आणि त्यांना धरून आणलेली घरची माणसं.

"लकवा म्हणजे काय? अडकलेला वारा!" महाराज गरजत. "डॉक्टर गोळ्या देऊन तो आत कोंडतो, मी दार उघडतो!"

दर्शनाच्या नवऱ्याचा, पंढरीचा, लुळा पडलेला हात महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामानं बराच सुधारला होता. महाराजांनी तो खाली दाबून धरला. "रेट! बाहेर ढकल! पापासकट ढकल!" मंत्र लांबत गेला. मग त्यांनी एकदम हात सोडला, आणि पंढरीचा हात आपोआप, तरंगल्यासारखा वर गेला. मांडवात जयजयकार झाला. दर्शना ढसाढसा रडली.

"आता गोळ्या नदीत सोड, बाई."

"अगं, डॉक्टर बोललेले, थांबवायच्या नाहीत," पंढरी कुजबुजला.

"तुमचा विश्वासच कच्चा!" म्हणत तिनं पाकिटं स्वतः पाण्यात फेकली.

पंढरी गावातल्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा समालोचक. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत एका षटकाराचं वर्णन करता करता त्याची जीभ अडखळली, माईक हातातून पडला. लकव्याचा दुसरा झटका. आता त्याच्या तोंडून फक्त 'हा' आणि 'नाय' निघे.

डोंबिवलीच्या हॉस्पिटलात योगिनी नावाची समुपदेशक आली. झटका येऊन गेलेल्यांनी घरी गेल्यावर गोळ्या सोडू नयेत, म्हणून त्यांच्याशी बोलणं हेच तिचं काम.

"गोळ्या चालू होत्या ना?"

"होत्या," दर्शना म्हणाली.

पंढरीनं बायकोकडे पाहिलं. 'नाय' म्हणणं त्याला जमत होतं, पण तो गप्प राहिला.

ते दर्शनाला सोसवेना. ती बाहेर गेली आणि मागून आलेल्या योगिनीला तिनं सगळं सांगून टाकलं. "मीच केलं, ताई. पण हात वर गेलेला! माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

योगिनी रागावली नाही. "ते बरे व्हावेत म्हणूनच तुम्ही गेला होतात. या, इथे उभ्या राहा. हात खाली ठेवा आणि दाराच्या चौकटीला मनगटानं बाहेर रेटा. जोरात. अजून... आता बाजूला या, हात ढिला सोडा."

दर्शनाचा हात आपोआप वर जायला लागला. ती घाबरली. "माझ्यात कोण आलं?"

"कुणी नाही. स्नायू बराच वेळ रेटत राहिला की सोडल्यावरही थोडा वेळ स्वतःच ओढत राहतो. कुणाचाही. दादांची ताकद व्यायामानं परतली होती, श्रेय महाराजांनी घेतलं."

"मग गोळ्या कशाला होत्या?"

"रक्ताची गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून. गोळी काम करते तेव्हा काहीच घडत नाही, दर्शनाताई. म्हणून तिच्यासमोर कुणी हात जोडत नाही."

दर्शना खाटेपाशी आली. "तुम्ही नको बोललेले. मी ऐकलं नाही."

"हा," पंढरी म्हणाला. एवढंच. तिला वाटलं, त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

योगिनीनं त्याला विचारलं, "पुन्हा काय करायला आवडेल?" त्यानं चांगल्या हाताची मूठ माईक धरल्यासारखी तोंडाशी नेली. "मग रोजची गोळी त्यासाठी घ्यायची. बोलण्याचा सरावही. किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही." त्यानं मान डोलावली. पुढची गोळी दर्शनानं स्वतःच्या हातानं दिली.

गुरुवारी ती खडवलीला गेली. मांडवाच्या खांबापाशी रांगेतल्या बायकांना तिनं एकेक करून हात रेटायला लावलं. धडधाकट बायकांचे हात वर जाऊ लागले. कुणी हसलं, कुणी चिडलं.

"भ्रष्ट बाईला बाहेर काढा!" महाराज ओरडले.

"जाते," दर्शना म्हणाली. "पण बायांनो, हात वर कसा गेला ते स्वतः करून बघा. आणि गोळी बंद करण्याआधी डॉक्टरला विचारा. मी विचारलं नाही. माझा नवरा आता बोलत नाही."