आल्याची पोवळी

ईश्वरनं आल्याचा गड्डा नाकाजवळ नेला, वास घेतला आणि परत पिशवीत टाकला.

"दोन किलो आलं," तो म्हणाला. "चहात घालायचं सोडून हिरीत घालायलीस."

चैतालीनं मान वर केली नाही. विहिरीच्या पायरीवर बसून ती आल्याचे बोटाएवढे तुकडे मोडत होती. आल्याचे फाटे प्रवाळाच्या फांद्यांसारखे दिसतात, म्हणून सरावाला आलं, हे तिनं मंद्रूपला येताना टमटममध्येच त्याला समजावलं होतं. तेव्हा त्यानं आरशातून बघणाऱ्या टमटमवाल्याला डोळा मिचकावला होता.

"पोवळं म्हंजे अंगठीतलं, न्हवं?" विहिरीचा मालक भीमाशंकर काठावर उकिडवा बसून विचारत होता. ईश्वरचा तो जुना मित्र.

"तेच. लोक सोनाराच्या दुकानात जाऊन घेतात. आमच्या पोरीला त्यासाठी बुडायला लागतंय."

"ते विकायचं नसतं, काका," चैताली म्हणाली. "समुद्राचं पाणी तापलं की पोवळी मरतात. मग तुटलेल्या जित्या फांद्या गोळा करायच्या, लोखंडी सांगाड्याला बांधून वाढवायच्या आणि परत खडकावर नेऊन लावायच्या. ती आली की मासे येतात."

"माशांची सोय करायला बँक सोडली," ईश्वर भीमाशंकरला म्हणाला. "पंख्याखालची खुर्ची होती. गेले आठ महिने मालवणच्या बाजूला दगडं लावायला शिकायलीया."

शिकणंही धड नव्हतं. वीस मिनिटांत पंधरा तुकडे सुतळीनं बांधायचे, सांगाड्याला गुडघा लागू द्यायचा नाही, तळ ढवळायचा नाही, अशी परीक्षा. पहिल्या खेपेला तिच्या निम्म्या गाठी सुटल्या होत्या. दुसरी आणि शेवटची संधी सोमवारी. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही हा शिकवणाऱ्यांचा नियम, आणि सोलापुरात ही विद्या येणारं दुसरं कुणी नाही, म्हणून काठावरून लक्ष ठेवायला तिनं बापाला आणलं होतं. बाप आला होता तो वेगळ्याच आशेनं. ह्याही खेपेला नापास झाली की डोकं ठिकाणावर येईल, असं तो चांगुणाला, आपल्या बायकोला, निघताना म्हणालासुद्धा होता.

चैतालीनं पाठीवर हवेची टाकी बांधली, तोंडात नळी धरली आणि ती उतरली. भीमाशंकरची मोडकी लोखंडी खाट दोरांनी दहा फुटांवर सोडलेली होती, तोच सांगाडा. पाणी नितळ होतं. वरून सगळं दिसत होतं.

ईश्वर पायरीवर बसून बघू लागला. पोरगी खाटेवर अधांतरी तरंगत होती, ते एक जमलं होतं. पण हात! एक तुकडा बांधायला तिला किती वेळ लागत होता. सुतळीचे चार वेढे, मग उलटी गाठ, मग सुलटी. हात काढला की तुकडा कलायचा आणि निसटून तळाला जायचा.

"गेला," ईश्वर म्हणाला.

थोड्या वेळानं परत म्हणाला, "ह्यो पण गेला. आठ महिने काय शिकवलं रे हिला? वेणीला रिबीन बांधावी तसं बांधायलीया."

भीमाशंकर हसला. ईश्वरही हसला. पाचव्या तुकड्यालाही तेच झालं. सहाव्याला ईश्वरचं हसू गेलं. त्याच्या मांडीवरची बोटं आपोआप हलत होती. सातवा तुकडा निसटला तसा तो उठला आणि सदरा काढू लागला.

"आवो ईश्वरराव, वय काय तुमचं?"

"बघवत न्हाय," ईश्वर म्हणाला आणि पाण्यात शिरला.

टाकी नाही, नळी नाही. छातीत भरून घेतलेल्या एका दमावर तो सरळ खाली गेला. चैतालीच्या हातातून त्यानं सुतळी ओढून घेतली. दोन वेढे, एक टोक आतून, एक हिसका. तुकडा बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. पाय इतके स्थिर की खाटेवरचा गंजसुद्धा उठला नाही. मग तो वर आला आणि पायरीला धरून धापा टाकत राहिला.

तिच्या श्वासाचे बुडबुडे वर येत गेले आणि त्यांच्यामागून ती आली. तिनं पाण्यातला चष्मा कपाळावर सारला.

"पप्पा, ही कुठली गाठ?"

"कामावरची."

"आगीत गाठ कशाला लागते?"

भीमाशंकर उठला आणि मोटारीकडं काहीतरी बघायचंय असं पुटपुटत निघून गेला.

एकोणतीस वर्षं ईश्वर अग्निशमन दलात होता. घरी ओला आला की सांगायचा, आग मोठी होती, पाइपच्या पाण्यानं भिजलो. चांगुणाला खरं माहीत होतं. पोरीला कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. आगीला सगळेच जायचे. तळ्यात, विहिरीत, कॅनॉलमध्ये कुणी बुडालेलं असलं की मात्र ईश्वरला बोलावणं यायचं. तो खाली जाऊन माणूस शोधायचा, मनगटाला दोरी बांधायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. मग वरचे ओढायचे. पाण्यात राहून फुगलेल्या हातावर साधी गाठ ठरत नसे. ही ठरायची. तो बाहेर आला की काठावरची माणसं दोन पावलं मागं सरायची, आणि कुणी चहा दिलाच तर कप हातात न देता दगडावर ठेवायची. त्या दगडावरचा कप उचलताना त्यानं किती वेळा मनात म्हटलं होतं, माझं पोर पाण्यात उतरणार नाही. आणि हे पोर हसत हसत, पगार सोडून, पाण्यात उतरलं होतं.

"कशाला लागते?" चैतालीनं पुन्हा विचारलं.

"लागते कधीतरी. तुला काय करायचंय? तुझी गाठ राहत न्हाय, ते बघ आदी."

"मग शिकवा की." ती पायरीवर त्याच्याशेजारी बसली. सुतळीचा बिंडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि आपला हात पुढं केला. "ह्या हातावर दाखवा."

ओलं, गार पडलेलं मनगट. पाण्यानं बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. ईश्वरनं सुतळीचं टोक उचललं, तिच्या हातापर्यंत नेलं आणि तिथंच थांबला.

"तुझ्या हातावर न्हाय," तो म्हणाला.

"का?"

"न्हाय म्हटलं की न्हाय." त्याचा आवाज चढला. मग त्यानं आपलाच डावा हात तिच्यापुढं धरला. "हितं बांध. दोन वेढे. सैल नको, भाकरी बांधायलीस काय? आता टोक आतून. आतून म्हंजे आतून! बँकेत तुला कुणी ठेवली होती, काय की. हं. आता हिसका मार."

तिनं हिसका मारला. गाठ त्याच्या मनगटावर बसली.

"ओढून बघ," तो हळू म्हणाला. "जोरात ओढ."

तिनं ओढलं. त्याचा हात तिच्याबरोबर पुढं गेला, पण गाठ सरकली नाही.

"बसली!" चैताली म्हणाली. "पप्पा, बसली की!"

"एकदा बसली म्हंजे काय दिवा लावला न्हाईस. पंधरा बसवायच्यात."

तिनं नळी तोंडात धरली आणि सुतळीचा बिंडा घेऊन, टोक तोडायचं विसरून, तशीच खाली गेली. मनगटापासून सुटलेली सुतळी पायरीवरून पाण्यात उतरत गेली. ईश्वरला हाक मारता आली असती. कापायला चाकू शेजारीच होता.

खाली तिनं तुकडा धरला. वेढे घातले. ती हलली की त्याचं मनगट बारीकसं हलत होतं, थांबली की थांबत होतं. इतक्या वर्षांत त्याच्या गाठीच्या दुसऱ्या टोकाला कधी कुणी हललं नव्हतं.

"पाय हलवू नको, बावळट," तो पाण्याकडं बघत म्हणाला. तिला ऐकू जाणार नव्हतंच.

तेवढ्यात सुतळी ताणली गेली. बिंड्यात गुंता झाला होता आणि खाटेच्या पलीकडच्या टोकाला जायला तिला ती पुरत नव्हती. तिनं वर न बघताच एक छोटा हिसका दिला.

ईश्वर एक पायरी खाली उतरला, गुडघ्याइतक्या पाण्यात उभा राहिला आणि हात लांब करून त्यानं तिला सुतळी सैल दिली.