प्रोग्राममधला बिरप्पा

बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक रुपालीच्या स्क्रीनसमोर थांबले, मग पलीकडच्या संस्कृतीच्या स्क्रीनकडे गेले आणि परत आले.

"दोघी उभ्या राहा. दोघींच्या प्रोग्राममध्ये 'बिरप्पा' कसा काय? कुणी कुणाचं बघितलं?"

लॅबमधली सगळी बोटं कीबोर्डवर थांबली. दोघींच्या चिठ्ठीवर एकच प्रश्न आला होता, आकडे चढत्या क्रमाने लावायचा. दोन आकड्यांची अदलाबदल करताना एक आकडा तात्पुरता बाजूला ठेवावा लागतो. त्या जागेला दोघींनी एकच नाव दिलं होतं.

"सर, मी माझं मीच लिहिलंय," संस्कृती पटकन म्हणाली.

रुपालीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. आठवडाभर ही मुलगी आपल्या हॉस्टेलवर येत होती. ओळ न् ओळ आपणच तिला समजावली होती.

"मग बिरप्पा कोण?" परीक्षकांनी संस्कृतीला विचारलं.

"देवाचं नाव आहे सर. शुभ म्हणून."

परीक्षक रुपालीकडे वळले. "आणि तुझा?"

रुपालीनं हॉलतिकीट पुढे केलं. "वडील हायत माझे. हॉलतिकिटावर बघा की सर. रुपाली बिरप्पा सरगर." आणि मग तिला थांबताच येईना. "आमची मेंढरं हायत. दोन डालग्यांखालची, म्हंजे बांबूच्या टोपल्यांखालची, कोकरं अदलाबदल करायची असली, की आबा एक कोकरू काखेत धरतात. त्याबिगर दुसऱ्याला जागा हुत न्हाय. म्हणून त्या जागेला आबांचं नाव दिलं."

मागे कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी संस्कृतीच्या गुणांच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"म्हणजे कॉपी. शून्य."

संस्कृतीचा चेहरा पांढराफटक पडला. रुपालीला तिचा राग आला होता, इतका की गप्प बसावंसं वाटत होतं. पेन हललं तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, हितं तिनं बघितलं न्हाय. मीच शिकवलंय तिला. नाव पण माझ्याकडनंच पाठ झालंय."

परीक्षकांनी पेन उचललं. "असं? मग हेच उतरत्या क्रमाने लाव. माझ्यासमोर."

संस्कृती बसली. तिनं एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली, रन केलं. आकडे होते तसेच. रुपालीला उत्तर दिसत होतं, फक्त एक चिन्ह उलटं करायचं होतं, पण तिनं नजर मुद्दाम खिडकीकडे वळवली. संस्कृतीनं डोळे पुसले, ओठ हलवत वरपासून एकेक ओळ वाचत आली आणि तुलनेच्या चिन्हापाशी थांबली. ते बदललं. रन.

सगळ्यात मोठा आकडा वर आला.

परीक्षकांनी काहीतरी गुण लिहिले. किती, ते दिसलं नाही. "खोटं बोलायची काय गरज होती?" एवढंच विचारून ते पुढे गेले.

परीक्षा सुटल्यावर सात रस्ता चौकात संस्कृतीनं रिक्षा थांबवली, आत बसली आणि सरकून रुपालीला जागा केली. "रुपाली, घाबरले गं मी. पप्पांना काय सांगितलं असतं?"

"आन् मी आबांना काय सांगितलं असतं?"

रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"तू जा," रुपाली म्हणाली आणि हॉस्टेलच्या दिशेनं चालू लागली.