माझ्या पोटातला गॅस

मी कचऱ्याचा एक जुना डोंगर आहे. मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका! माझं अंग केव्हाच मातीनं झाकलंय, वर गवतही आलंय. पोट मात्र शांत नाही. फळांची सालं, शिळं अन्न, मोडक्या खुर्च्या, जे जे नकोसं झालं ते तुम्ही लोकांनी माझ्यावर ओतलं आणि पाठ फिरवली.

माझ्या पोटात हवा पोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव कचरा खातात आणि त्यातून मिथेन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी पडली की भडका. माझ्या पायथ्याशी एक पाळणाघर आहे. हा मिथेन त्याच्या फरशीखाली साठला तर? या विचारानं माझा जीव टांगणीला लागायचा.

मग गणितवाल्या ताई आल्या. काय बाई होती ती! कोणत्या वर्षी किती कचरा पडला, त्यात ओला किती, सुका किती, सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "जेवढं उरलंय, त्यातला ठरावीक हिस्सा दर वर्षी कुजतो. भाजीपाल्याचा हिस्सा मोठा, लाकडाचा छोटा." एवढ्यावरून त्यांनी माझ्या पोटाचं गणित मांडलं: दर वर्षी किती गॅस निघेल.

"आत न बघताच?" गॅस ओढायचा पंप बसवणाऱ्या काकांनी विचारलं.

"तुम्ही टाकी न उघडता पाणी किती उरलंय ते सांगता ना, काका? तसंच."

पंप बसला. नळ्यांतून गॅस निघून शेजारच्या धुलाई कारखान्यात जळू लागला. पंपाच्या मापकावरचा आकडा ताईंच्या गणिताशी तंतोतंत जुळला. नगरपालिकेचे साहेब खूश, काका खूश. मी मात्र आतून ओरडत होतो, अरे, अजून पोट फुगलंय माझं! पण डोंगराचं ऐकतो कोण?

ताईंच्या कपाळावरची आठी काही जाईना. माझ्या उतारावर गवताचे पिवळे पट्टे पडले होते, थेट पाळणाघराच्या दिशेनं. त्या खाली बसल्या, गवत उपटून मुळं पाहिली. "यांचा श्वास कोंडतोय. खालून गॅस येतोय."

"अहो, पण आकडा जुळलाय की!" काका म्हणाले.

"तेच तर खटकतंय. काका, पंप केवढा घेतलात?"

"तुम्ही सांगितलात तेवढ्याच गॅसचा."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी मिथेनला गॅस म्हटलं हो! पोटातून येणाऱ्या गॅसमध्ये मिथेन जेमतेम निम्मा, बाकीचा दुसराच वायू. सगळा मिळून दुप्पट होतो. आपला पंप निम्माच ओढतोय, आणि त्याला तेवढाच ओढता येतो, म्हणून आकडा जुळला!"

काका पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. त्यांची नात पाळणाघरात होती. धापा टाकत ते खाली पोचले, पाळणाघराच्या बाईंच्या मदतीनं सगळी मुलं मैदानात नेली. मागून ताई आल्या आणि फरशीच्या भेगेशी हातातला गॅसमापक धरला. काटा सरसर वर चढला. काका नातीला पोटाशी धरून रडले.

नंतर मोठा पंप आला, पाळणाघराभोवती चर खणून नळ्या टाकल्या. काटा शून्यावर आला, तेव्हाच मुलं परतली. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गणित बरोबर होतं, शब्द माझा चुकला." मित्रांनो, उत्तर जुळल्यावरही शंका घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मी तर त्यांच्यावर बेहद्द खूश आहे!

"हा डोंगर शांत कधी होणार?" साहेबांनी विचारलं. ताईंनी आलेख दाखवला. रेघ दर वर्षी खाली उतरते, पण शून्याला काही टेकत नाही.

म्हणून सांगतो, ओला कचरा माझ्यासारख्यांच्या पोटात कोंबू नका, त्याचं खत करा. आणि माझ्यावर बाग झाली, तरी मापक घेऊन फिरणारं एक माणूस ठेवाच. काकांची नात हल्ली माझ्या उतारावरून खिदळत घसरते. मला फार गोड वाटतं. पण माझं पोट माझ्या हातात नाही रे पोरांनो, ते तुमच्या हातात आहे.