शेवटचा पाहुणा उठेपर्यंत

स्वेतोझारने सगळा जन्म बसून काढला होता. सर्बियातल्या गोर्नी मिलानोवाच ते क्रागुयेवाच अशी बस चालवायची, म्हणजे माणूस दुसरं काय करणार? बसून कमावलं, बसून खाल्लं, बसून पोट वाढवलं. वर्षातला एकच दिवस तो सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असायचा, तो डिसेंबरातला संत निकोलाचा दिवस. निकोला त्यांच्या घराण्याचा संत. त्या दिवशी घरात स्लावा, म्हणजे ज्या त्या घराण्याच्या संताचा सण, असते आणि स्लावेला घरधनी बसत नाही. मेणबत्ती लागली की शेवटचा पाहुणा उठेपर्यंत त्याने उभंच राहायचं, पेले भरायचे, ताटं पुढे करायची. आजाने हे केलं, बापाने केलं, स्वेतोझारनेही कधी चुकवलं नाही.

मग गेल्या वर्षी सप्टेंबरात तो आलुबुखाराच्या झाडावरून पडला. त्या वयात आणि त्या वजनात झाडावर चढायची काही गरज नव्हती, हे बायकोने, स्तान्काने, त्याला हॉस्पिटलात रोज ऐकवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डॉक्टरांनी नवा खुबा बसवला. स्लावेच्या दिवशी तो आरामखुर्चीत बसून होता आणि त्याच्या जागी मुलगा उरोश उभा होता. पाहुणे येत, वाकत आणि आजाऱ्याचा दाबावा तसा त्याचा हात दाबत. एका आत्येबहिणीने तर गालावरून हात फिरवला. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पाहुणे गेल्यावर उरोशने विषय काढला. पुढच्या वर्षीपासून स्लावा मी नोवी साद शहरात माझ्या फ्लॅटवर नेतो, म्हणाला, तू ये आणि आरामात बस. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरातून स्लावा एकदा गेली की परत येत नाही, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं. मागे राहतात त्या भिंती.

"पुढच्या वर्षी मी शेवटचा पाहुणा उठेपर्यंत उभा राहिलो नाही, तर ने," तो म्हणाला.

उरोशने आईकडे पाहिलं, मग बापाच्या हातात हात दिला. ठरलं.

व्यायाम शिकवायला इवोना नावाची एक पोरगी यायची. अंगाने काडी, पण तोंड फौजदाराचं. पहिल्याच दिवशी स्वेतोझारने तिला डिसेंबर, मेणबत्ती, आजा, पणजा सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"स्वेताकाका, डिसेंबरचं नाव काढू नका. कॉफी उकळेपर्यंत ओट्यापाशी उभं राहता येईल का, तेवढं सांगा."

ते जमण्यासारखं होतं, म्हणून त्याला अपमान वाटला. तरी तो उभा राहिला. कॉफी झाली, मग घेवडा शिजेपर्यंत, मग टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत. देशाचं काय चाललंय ते उभ्याने ऐकलं की राग जास्त येतो, आणि रागात पाय दुखायचे विसरतात, हा त्याचा स्वतःचा शोध. स्तान्काने स्वयंपाकघरातली त्याची खुर्ची उचलून माळ्यावर टाकली आणि ताटातला पाव निम्मा केला. तो कुरकुरला, पण खुर्ची आणायला माळ्यावर चढला नाही. झाडाची आठवण ताजी होती.

उन्हाळ्यात तो काठी टेकत ओढ्यापर्यंत उतरू लागला. घर चढावर, चर्चजवळ, आणि खाली ओढ्याकाठी मिलुटिन राहायचा. मिलुटिन त्याचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. सख्ख्या भावाहून जवळचं नातं. हा कूम जेवायची वेळ सोडली तर दारातल्या बाकावरून हलत नसे, आणि तिथूनच सगळ्या गावाची टिंगल करी.

"काय कुमा, आता घोड्यासारखा झोपतोस पण उभ्यानेच?"

"झोपतो. घोड्याला तुझ्याएवढं पोट नसतं," स्वेतोझार म्हणे आणि पुढे निघे.

सगळं असंच सरळ चाललं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. ऑक्टोबरात राकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, गाळायची भट्टी पेटली. भट्टीपाशी बसायचं असतं, चाखायचं असतं, सोबत डुकराची चरबी भाजून खायची असते. स्वेतोझार मिलुटिनच्या शेजारी उलट्या खोक्यावर बसला तो बसलाच. मग पाऊस लागला, मग खोकला झाला. पुन्हा ओट्यापाशी उभा राहिला तेव्हा गुडघे लटलटत होते आणि पँटचं बटण लागत नव्हतं. मग तो रुसून बसला. सगळं मुसळ केरात, असं त्याने इवोनाला फोनवर सांगून टाकलं.

"कॉफी पिता ना अजून?" तिने विचारलं.

"पितो."

"मग उद्या उकळेपर्यंत उभे राहा." आणि फोन ठेवला.

त्याने तिला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभा राहिला. त्या दिवसापासून एक गोष्ट त्याने बदलली. आज इच्छा आहे का, असं तो स्वतःला रोज विचारायचा, ते विचारणंच बंद केलं. बस चालवायची इच्छा तरी रोज कुठे व्हायची? तरी गाडी वेळेवर सुटायची. नोव्हेंबर संपेतो काठी दाराआड पडली ती पडलीच.

संत निकोलाच्या दिवशी सकाळी पाद्रीबुवांनी स्लावेचा पाव कापला, मेणबत्ती लागली आणि दुपारपर्यंत घर भरलं. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, त्यामुळे मांस नाही, पण भाजलेला कार्प मासा होता, माशाचं सूप होतं, घेवडा होता. गळ्याशी सैल झालेला पांढरा शर्ट घालून स्वेतोझार टेबलाभोवती फिरत होता. पाय कुरकुरत होते, पण ऐकत होते. उरोश भिंतीशी एक खुर्ची धरून उभा होता, सहज धरल्यासारखी. स्वेतोझारने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. मनात त्याला मजा वाटत होती. आज रात्री अंगणातलं कुत्रं झोपेल, पण मी नाही बसणार, असा त्याचा आव होता.

आणि मग दिवस मावळायच्या आत पाहुणे उठू लागले. एकाची गाय व्यायला आली होती. एकीचं डोकं चढलं. तिसऱ्याला बर्फ पडेल असं वाटत होतं, आभाळ तर स्वच्छ होतं. स्लावेत शेवटी घरधनी कॉफी आणतो, ती आली की पाहुण्यांनी ओळखायचं, आता निघावं. इथे कॉफीच्या आधीच घर ओस पडलं. ज्या मिलुटिनला दरवर्षी मध्यरात्रीनंतर ढकलून बाहेर काढावं लागे, तो अर्धा मासा ताटात टाकून असा पळाला की टोपीसुद्धा विसरला. मेणबत्ती अजून अर्धी शिल्लक होती.

उरोशने खुर्ची पुढे केली. "जिंकलास बाबा. शेवटचा पाहुणा गेला. आता बस."

स्वेतोझारने खुर्चीकडे पाहिलं. मग स्तान्काकडे. ती केव्हाचं पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसत होती.

"स्तान्का, तू काय केलंस?"

तिने फडकं खाली ठेवलं. "चर्चमध्ये बायकांना सांगितलं, लवकर उठा म्हणून. तू पडलास तर पुन्हा उठणार नाहीस, ही भीती वर्षभर उशाशी घेऊन झोपले मी. तुला नसेल, मला आहे."

त्याला राग आला होता, तो अर्ध्यावर विरला. मरणाची भीती त्याला हॉस्पिटलात वाटली होती, पण ती हिच्या उशाशी येऊन राहिली असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी असलं जिंकणं त्याला नको होतं.

"माझी खुर्ची माळ्यावर कोणी टाकली?"

"मी."

"मग आता खाली का आणतेस?"

पाहुण्यांना परत बोलवायची सोय नव्हती. स्लावेचं आमंत्रण कुणी देत नाही. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि जो गेला त्याच्या मागे धावायचं नसतं. तेवढ्यात त्याची नजर खुंटीवरच्या टोपीवर गेली. त्याने ती घेतली आणि कोट चढवला. स्लावेच्या दिवशी घरधनी उंबरा ओलांडतो का, असं स्तान्काने विचारलं. पाहुण्याला थंडीत उघड्या डोक्याने ठेवतो का, असं त्याने उलट विचारलं. उरोश सोबत निघाला, त्याला मेणबत्तीपाशी थांबवलं.

उतार निसरडा होता. स्वेतोझार भर रस्त्याने, कोटाची बटणं मोकळी ठेवून, हातात टोपी घेऊन चालत गेला. पांढरा शर्ट प्रत्येक खिडकीतून दिसला असेल. गाय व्यायला आलेल्या घराचा पडदा हलला. डोकं चढलेली बाई दारात उभी होती, ती आत वळली.

मिलुटिन बाकावर बसला होता, बूट न काढता. चेहरा उतरलेला, आणि पोटात अर्धाच मासा.

"टोपी विसरलास."

मिलुटिनने टोपी घेतली. कुमाच्या पायांकडे पाहिलं, मग चढावाकडे. "अरे, आता परत चढायचंय तुला."

"आपल्याला," स्वेतोझार म्हणाला आणि उभा राहिला. बाकावर जागा होती, पण तो टेकला नाही. दारात आपला कूम उभा आणि आपण बसलेले, हे मिलुटिनला फार वेळ सोसवलं नाही. कण्हत कुंथत तो उठला.

चढावर मिलुटिन दर कुंपणाला धरून थांबत होता. स्वेतोझार थोडा पुढे जाऊन वाट पाहत होता. एका फाटकातून गायवाला बाहेर पडला, गाय म्हणे व्यायली. डोकंही उतरलं होतं. बर्फाचं कुणी नाव काढलं नाही. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण चर्चपाशी पोचेपर्यंत मागे चांगली मिरवणूक झाली होती.

स्तान्काने दार उघडलं, गर्दी पाहिली आणि पुन्हा ताटं मांडायला घेतली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. उरोश अजून खुर्ची धरूनच उभा होता. स्वेतोझारने ती त्याच्या हातून काढून घेतली, टेबलाशी सरकवली आणि धापा टाकणाऱ्या मिलुटिनला खांदा धरून तिच्यावर बसवलं.

"बस कुमा. तू पाहुणा आहेस."

मिलुटिनने आधी कपाळ पुसलं, मग पेला नुसता हातात धरला. "माझी स्लावा मे महिन्यात आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "यंदाही निम्मा दिवस बसूनच केली. कुणाला सांगू नकोस."

"सकाळी कॉफी पितोस ना?"

"पितो की."

"मग उद्या उकळेपर्यंत उभा राहा," स्वेतोझार म्हणाला आणि त्याचं ताट भरायला वळला. उरोश बापाकडे पाहत राहिला. मग आपणहून भिंतीशी जाऊन उरलेल्या सगळ्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आणू लागला.